सून म्हणून चालते, विद्यार्थिनी म्हणून का चालत नाही?

माझ्या खालाची मुलगी काही महिन्यांपूर्वी मुंबईहून मँचेस्टरला गेली. एकटी गेली. मधल्या विमानतळावर पाच तास बसून तिने विमान बदललं, इमिग्रेशनच्या रांगेत स्वतःची कागदपत्रं स्वतः दाखवली, आणि पलीकडे तिला घ्यायला जो माणूस उभा होता त्याला ती आयुष्यात एकूण अकरा दिवस ओळखत होती. तो तिचा नवरा. निकाह करून तो आठवड्याभरात परत गेला होता, व्हिसा यायला पुढे तीन महिने लागले. घरात सगळे खूश होते. विमानतळावर खाला रडली, पण ते रडणं आनंदाचं होतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्याच्या दहा महिने आधी याच मुलीच्या हातात जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठाचं पत्र होतं. रसायनशास्त्रातला मास्टर्स, इंग्रजी माध्यम, शिकवणी फी शून्य. तेव्हा घरात काय झालं ते मी समोर बसून पाहिलं. मामू म्हणाले, जवान मुलगी एकटी एवढ्या लांब कशी जाणार? चाचा म्हणाले, मेहरम कोण सोबत? खालाजान काहीच बोलल्या नाहीत. खालू म्हणाले, आपल्याला काय कमी आहे का इथे, रत्नागिरीत कर काय करायचं ते. पत्राची मुदत संपली.

दोन्ही वेळा मुलगी तीच, वय तेच, विमानही तसंच. म्हणून मी आज सरळ विचारते आहे: सून म्हणून जी मुलगी सातासमुद्रापार एकटी जाऊ शकते, ती विद्यार्थिनी म्हणून का जाऊ शकत नाही?

हा एका घराचा किस्सा असता तर लिहिला नसता. खेड, मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा, कुठल्याही कोकणी मुस्लिम मोहल्ल्यात जा. प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणीतरी कुवेतला, दोह्याला, दमामला, लंडनला, केपटाऊनला आहे. परदेश आपल्याला नवा नाही. आपले पणजोबा बोटीवर खलाशी होते. आपल्या मुलीही कित्येक वर्षं परदेशात जात आल्या आहेत, फक्त कोणाच्या तरी पासपोर्टला जोडून. ‘आश्रित’ हा शब्द व्हिसाच्या फॉर्मवर असतो, आणि आपल्याला तो फॉर्म भरायला काहीच वाटत नाही. माझ्या बहिणीच्या व्हिसासाठी घरच्यांनी केलेली धावपळ मी पाहिली आहे. क्षयरोगाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, निकाहनाम्याचं भाषांतर, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, कारण ब्रिटनमध्ये बायकोला बोलवायचं तर वर्षाला किमान २९,००० पौंड कमाई दाखवावी लागते. एवढं सगळं कोणी कंटाळा न करता केलं. जर्मनीसाठी याच्या निम्मी कागदपत्रं लागली असती.

आता मेहरमचा मुद्दा घेऊ. त्याला टाळून पुढे जायची आपल्या सुशिक्षित मंडळींना सवय आहे. मी टाळणार नाही, कारण ज्या घरात हा मुद्दा निघतो तिथे मुलगी त्यावर गप्प होते आणि तिथेच हरते.

स्त्रीने मेहरमशिवाय प्रवास करू नये, अशी हदीस आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. कुठे एका दिवसाचा प्रवास म्हटलाय, कुठे तीन दिवसांचा. पण बुखारीतच अदी बिन हातिम यांची रिवायतही आहे. त्यात पैगंबर साहेब असा काळ येईल म्हणतात की हीराहून निघालेली बाई एकटी काबापर्यंत जाईल आणि तिला अल्लाहशिवाय कोणाचं भय नसेल. अनेक आलिमांनी यातून अर्थ काढला की बंदीचं कारण वाटेतली असुरक्षितता होती. वाटमारी होती, वाळवंट होतं, काफिला लुटला जायचा. आपण कोकणी बहुतेक शाफई. शाफई मसलकमध्ये फर्ज हजसाठी भरवशाच्या बायकांच्या सोबतीने, मेहरम नसताना, जायची मुभा शतकानुशतकं आहे. ती मुभा फर्ज हजपुरती आहे हे मला कोणीतरी सांगेलच, मान्य. पण मुभा मुळात का दिली? सोबत भरवशाची असली की धोका कमी होतो म्हणून. भारतातूनही २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या स्त्रिया चार किंवा जास्त जणींच्या गटाने मेहरमशिवाय हजला जातात. आणि ज्या देशाकडे पाहून आपण सगळं ठरवतो त्या सौदी सरकारने २००५ पासून किंग अब्दुल्ला शिष्यवृत्तीवर मुलींना अमेरिकेत, ब्रिटनमध्ये शिकायला पाठवलं. सुरुवातीला मेहरम सोबत न्यायची अट होती, आणि त्या मेहरमचा खर्चही सरकारच उचलत होतं. २०१९ मध्ये तर त्यांनी २१ वर्षांवरच्या स्त्रीला स्वतःच्या सहीने पासपोर्ट घ्यायची आणि प्रवास करायची परवानगी दिली. रियाधने सोडलेली अट आपण राजापुरात धरून बसलो आहोत.

तरीही एखाद्या घराला मनापासून वाटत असेल की मेहरम हवाच, तर मी त्यांचा आदर करीन. मात्र मग तो नियम मँचेस्टरच्या विमानातही लावा. त्या रात्री विमानात माझ्या बहिणीसोबत कोणता मेहरम होता? नवरा पलीकडे होता म्हणाल, पण मधल्या पंधरा तासांचं काय? तिथे कोणी हदीस काढली नाही. तेव्हा प्रवासाची अडचण नव्हतीच. मुलगी कोणाच्या ताब्यातून निघून कोणाच्या ताब्यात जाते आहे, एवढंच पाहिलं जात होतं. बापाकडून नवऱ्याकडे गेली तर चालतं. बापाकडून विद्यापीठाकडे गेली तर मध्ये दोन वर्षं ती कोणाचीच नसते, स्वतःची असते. भीती त्या दोन वर्षांची आहे.

आता त्याच घरातला दुसरा पासपोर्ट. माझ्या या बहिणीचा धाकटा भाऊ मध्य आशियातल्या एका देशात एमबीबीएस करतोय. नीटमध्ये कसेबसे पात्रतेपुरते मार्क होते. एजंट आला, हॉटेलात सेमिनार झाला, स्क्रीनवर बर्फाचे फोटो दाखवले, भारतीय मेस आहे म्हणाला, हलाल आहे म्हणाला, आणि खालूंनी आंब्याची बाग गहाण टाकली. सगळं मिळून तीस लाखांच्या आसपास जाईल. माझा त्या मुलावर राग नाही, गुणी पोरगा आहे. पण हिशेब तर मांडायला हवा.

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्याला इथे डॉक्टरकी करायची तर एफएमजीई पास व्हावं लागतं. ३०० प्रश्न असतात, पास व्हायला १५० लागतात. जून २०२५ च्या परीक्षेत बसलेल्यांपैकी १९ टक्केही पास झाले नाहीत. म्हणजे पाच जणांत एक, तोही पुरता नाही. त्याशिवाय राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम आहेत: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजीतून हवा, सगळा एकाच संस्थेत हवा, तिथे बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी, त्या देशात प्रॅक्टिसची परवानगी मिळण्यासारखी पदवी हवी, आणि परत आल्यावर इथे पुन्हा बारा महिने. यातली एक अट चुकली तर सहा वर्षं आणि बाग दोन्ही गेले. मी खालूंना विचारलं होतं, एजंटने यातलं काय सांगितलं? ते म्हणाले, तो म्हणतो सगळं होऊन जातं.

मुलाच्या बाबतीत एवढ्या धोक्याला आपण ‘नशीब आजमावणं’ म्हणतो. मुलीच्या हातात विनाशुल्क जागा होती, जगात मानाने घेतलं जाणारं विद्यापीठ होतं, तिचे बीएस्सीला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते, आणि तिथे आपल्याला धोका दिसला. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले, आपल्या दूतावासाला विद्यार्थ्यांना खोलीबाहेर पडू नका असं सांगावं लागलं. त्यानंतरही मोहल्ल्यातली मुलं तिथे जाणं थांबलं नाही. मुलगा आहे, निभावून नेईल. असंच म्हणतात ना?

खर्चाबद्दल बोलते, कारण मेहरमचं उत्तर मिळालं की पुढचा अडथळा खर्चाचा निघतो. मी स्वतः जर्मनीत दोन वर्षं काढली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य अपवाद, ते सहा महिन्याला १,५०० युरो घेतं. सत्राचं किरकोळ शुल्क, आरोग्य विमा आणि राहणं-खाणं हा खरा खर्च. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी भरून दाखवावे लागतात, म्हणजे आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. ही रक्कम कोणाला द्यायची नसते. ती तुमचीच असते, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो अशी तुम्हालाच परत मिळते. माझ्या अब्बांना हे समजवायला मला तीन रात्री लागल्या. तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. मी एका बेकरीत पहाटे पाचला उभी राहायची, आणि दुसऱ्या वर्षाचा बराचसा खर्च त्यातून निघाला.

बारा लाख ही रक्कम छोटी नाही, मला माहीत आहे. पण आपल्या मोहल्ल्यातल्या गेल्या सीझनच्या लग्नांची बिलं मला सांगू नका. हॉल, मेहंदीचा वेगळा हॉल, वलीमा, आणि ‘आम्ही काही मागितलं नाही’ म्हणत घेतलेली गाडी.

कर्जाचं नाव काढलं की व्याज हराम आहे हे आठवतं. व्याजाबद्दल ज्यांना खरोखर टोचणी आहे, ज्यांनी घराला, गाडीला, दुकानाला कधीच बँकेचं कर्ज घेतलं नाही, त्यांच्यापुढे मी मान झुकवते. अशी माणसं मी दोन-तीन पाहिली आहेत. बाकीच्यांच्या दारात हप्त्यावरची बोलेरो उभी असते. बोलेरोला चालणारं व्याज मुलीच्या मास्टर्सला हराम कसं होतं? बिनव्याजी हवं असेल तर जमातीचं बैतुलमाल आहे. मुंबईतल्या किती गावजमातींनी आजवर एका तरी मुलीला परदेशी शिक्षणासाठी कर्जे हसना दिलं, हे एकदा सभेत उभं राहून विचारा.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. २०१३-१४ पासून ‘पढो परदेश’ नावाची केंद्राची योजना होती. वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अल्पसंख्याक घरातल्या मुलाने किंवा मुलीने परदेशी शिक्षणासाठी कर्ज घेतलं, तर शिक्षण चालू असेपर्यंतचं व्याज सरकार भरत होतं. ३५ टक्के जागा मुलींना राखीव होत्या. २०२२-२३ पासून ती बंद केली. त्याच सुमारास मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली, कारण दिलं की इतर योजनांशी ती एकमेकींवर चढते. ज्यांनी ‘बेटी पढाओ’च्या घोषणेने भिंती रंगवल्या, त्यांनीच मुस्लिम मुलीच्या कर्जावरचं व्याज भरायचं थांबवलं. राज्याच्या अल्पसंख्याक विभागाने नंतर परदेशी शिष्यवृत्ती आणली, पण जागा मोजक्याच. यावर आपल्या नेत्यांनी किती मोर्चे काढले? आपल्याला मोर्चाला लोक जमतात ते वेगळ्या गोष्टींवर. तलाकच्या कायद्यावर बायकांना बुरख्यात रस्त्यावर उतरवलं तेव्हा मेहरम, पडदा, परपुरुष काहीच आड आलं नव्हतं.

कोणी म्हणेल, ही नवी फॅशन आहे, आपल्या बायकांनी हे कधी केलं नाही. त्याला जंजिऱ्याला घेऊन चला. जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम नाझली, तिची बहीण अतिया फैजी. १९०६ मध्ये अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेली, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. तिथून लिहिलेली तिची रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या साप्ताहिकात छापून यायची, पुढे १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ नावाने तिचं पुस्तक झालं. प्रवासात सोबत कोण होतं यावर हुज्जत घालायची त्यांनी घालावी, वर्गात तिच्या शेजारी बसायला भाऊ आला नव्हता. तिचा अभ्यास पुरा झाला नाही, तब्येत बिघडली, ती १९०७ मध्ये परतली. आपल्याला ती माहीत असते ती अल्लामा इकबाल यांची मैत्रीण म्हणून. ती शिकायला गेली होती हे शाळेत कोणी सांगत नाही. तिच्याच गोतावळ्यातले बद्रुद्दीन तैयबजी १८६० मध्ये, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले आणि १८७४ मध्ये भावाबरोबर अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. मुंबईतल्या आपल्या अर्ध्या पोरांनी त्या शाळेत डबा खाल्ला आहे. श्रीमंत घराणं होतं म्हणाल. होतं. मग आजचे श्रीमंत काय करताहेत?

मधला मार्ग म्हणून एक सल्ला हमखास येतो: आधी निकाह कर, मग दोघं मिळून जा. काही वर्षं हा सौदा ब्रिटनमध्ये जोरात चालला. मुलीच्या विद्यार्थी व्हिसावर नवरा आश्रित म्हणून जायचा आणि पूर्णवेळ काम करायचा. मुलीचं स्थळ पाहताना ‘आयईएल्टीएसला किती बँड?’ असं विचारणारे महाभाग मी पाहिले. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणायची बंदी केली, फक्त संशोधनाच्या अभ्यासक्रमांना मुभा राहिली. त्याच दिवसापासून मुलींच्या शिक्षणाबद्दलची बऱ्याच घरांची हौस ओसरली. शिक्षण चालत होतं, त्यातून जावई परदेशी जात होता तोवर.

आता हे वाचणाऱ्या भावांशी. तुम्ही मोर्चात असता, संविधान वाचता, फेसबुकवर फातिमा शेखचा फोटो टाकता. तुमच्या बायोडाटात काय लिहिलं आहे? ‘शिकलेली, घर सांभाळणारी.’ परदेशात एकटी राहून आलेल्या मुलीचं स्थळ आलं तर अम्मीच्या आधी तुमच्याच मनात काय प्रश्न येतो, ते प्रामाणिकपणे आठवा. मी परत आले तेव्हा मला पाहायला आलेल्या एका इंजिनियरने, चांगल्या वाचणाऱ्या मुलाने, विचारलं होतं की तिथे रूम शेअर करायचात का, कोणाबरोबर. मी म्हटलं, एक व्हिएतनामी मुलगी आणि एक ब्राझीलची. त्याने मान हलवली, पण त्याला उत्तर नको होतं, त्याला शंका हवी होती. बापाला मुलगी पाठवायची भीती वाटते ती तुमच्यामुळे. त्याला जर्मन माणसांची भीती नाही. तुम्ही नाकाराल, ही त्याची भीती आहे, आणि हिशेबाने पाहिलं तर ती खोटी नाही.

मी परदेशाची जाहिरात करत नाही. पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायचा आणि मी खोलीत बसून रडायची. हिजाब पाहून ट्राममध्ये एका बाईने काहीतरी पुटपुटलं, ते मला तेव्हा समजलं नाही, भाषा शिकल्यावर समजलं. घर मिळायला चार महिने लागले. रमजानात इफ्तार एकटीने केला, नंतर तुर्की मशिदीतल्या बायकांनी शोधून काढलं आणि रोज डाळीचं सूप दिलं. माझ्या वर्गातल्या दोन भारतीय मुली एका सत्रात नापास होऊन परतल्या. मास्टर्सनंतर नोकरी मिळतेच असं नाही, जर्मन येत नसेल तर जवळजवळ मिळतच नाही. हे सगळं मुलींना आधी सांगायला हवं. एजंट सांगत नाही, युट्यूबवाला सांगत नाही. पण हे ऐकून जायचं की नाही ते तिला ठरवू द्या. मी ठरवलं होतं, कारण माझ्या अब्बांनी, जे स्वतः सातवी शिकलेले आणि आयुष्यभर दमामला फोरमन, चौथ्या रात्री म्हटलं, मी अठराव्या वर्षी गेलो तेव्हा मला कोणी विचारलं नाही की एकटा कसा राहशील.

मागच्या आठवड्यात माझ्या त्या बहिणीचा फोन आला. नवरा चांगला आहे, ‘आता इथे शीक’ म्हणतो. तिने जवळच्या विद्यापीठाची वेबसाइट पाहिली होती. नवऱ्याच्या व्हिसावर नुकतीच आलेली म्हणून तिला फी परदेशी विद्यार्थ्याचीच लागणार आहे, वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, आपा, ते जर्मनीचं पत्र अजून चालेल का? मी म्हटलं, नाही, नवा अर्ज करावा लागेल, हिवाळी सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलैपर्यंत मुदत असते. ती म्हणाली, बघते, यांना विचारून सांगते.